नातवंडांच्या वाट्याचे संशोधन

कर्करोग हा शब्द कानी पडला की आपल्यासमोर उभा राहतो तो पन्नाशी ओलांडलेला, तंबाखूचे व्यसन असलेला माणूस. लहान मुलांनाही कर्करोग होतो, हे आजही अनेक घरांत ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना हा आजार होतो. भारतातील ही संख्या वर्षाला सुमारे ७५ हजार असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

या आकड्यांहून अधिक विचार करायला लावणारा आकडा दुसराच आहे. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ८० हून अधिक मुले बरी होतात. अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० च्याही खाली राहते. आजार तोच आणि बहुतेक औषधेही तीच असताना एवढी तफावत का पडावी? वेळेवर निदान न होणे, उपचार अर्धवट सुटणे, कुपोषण, जंतुसंसर्ग आणि आपल्या मुलांना मानवतील अशा उपचारपद्धतींचा अपुरा अभ्यास ही त्याची प्रमुख कारणे होत. यातील प्रत्येक कारणावर संशोधनाने मात करता येते, आणि संशोधनाला पैसा लागतो. तो पैसा कोणी द्यावा आणि कशावर खर्च व्हावा, हा प्रश्न दिल्ली-मुंबईतील तज्ज्ञांइतकाच हदगाव तालुक्यात नातवंडे सांभाळणाऱ्या आजी-आजोबांचाही आहे.

मुलांचा कर्करोग वेगळा असतो

मोठ्यांच्या कर्करोगांमागे पुष्कळदा तंबाखू, मद्य, वय किंवा विशिष्ट विषाणू असतात. मुलांच्या बाबतीत असे क्वचितच घडते. त्यांचा कर्करोग बहुधा वाढत्या, घडत्या पेशींमध्येच उद्भवतो. रक्ताचा कर्करोग, मेंदूतील गाठी, लसिका ग्रंथींचा कर्करोग, मूत्रपिंडातील गाठ आणि डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग हे त्यातील प्रमुख प्रकार. आईच्या आहारामुळे, कुणाच्या शापामुळे किंवा दृष्ट लागल्यामुळे हा आजार होत नाही. तो संसर्गजन्यही नाही. म्हणूनच अशा मुलाच्या आईला बोल लावणे अन्यायाचे आहे, आणि घरातील ज्येष्ठांनीच हे ठामपणे सांगायला हवे.

आजार वेगळा असल्यामुळे मोठ्यांवर झालेले संशोधन मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाही. औषधाची मात्रा, ते देण्याची रीत आणि वाढत्या हाडांवर, हृदयावर, पुढील अपत्यप्राप्तीवर होणारे परिणाम या सर्वांचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. औषध कंपन्यांचे गणित येथे अडते. प्रत्येक प्रकारच्या बालकर्करोगाचे रुग्ण तुलनेने थोडे, म्हणून नफाही थोडा. बाजाराला ज्यात लाभ दिसत नाही आणि समाजाची गरज मात्र मोठी आहे, असे काम सरकारी निधीवाचून उभे राहत नाही.

थोड्या पैशात उभे राहिलेले काम

भारतात असे काम झालेच नाही, असे मात्र नाही. मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा न्यासाने सुरू केले. १९६२ मध्ये त्याचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आला. आज हदगावचा रुग्ण परळला जातो तेव्हा तो प्रत्यक्षात सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेतच जात असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतात रक्ताचा तीव्र कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी जेमतेम वीस मुले वाचत. त्या सुमारास मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची अड्यार कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने उपचारांचा एकच आराखडा स्वीकारला. एमसीपी-८४१ या नावाने तो ओळखला जातो. तिन्ही ठिकाणी तीच औषधे, तोच क्रम आणि नोंदींची तीच पद्धत पाळली गेली. पुढील वीस वर्षांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की चार वर्षांनंतरही रोगमुक्त असलेल्या मुलांचे प्रमाण केंद्रानुसार सुमारे ४० ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते.

या यशामागे एखादे नवे चमत्कारी औषध नव्हते. उपलब्ध औषधे शिस्तीने देणे आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे, एवढ्याने ते साधले. आपल्याकडची मुले रुग्णालयात पोहोचतात तेव्हा आजार बराच पसरलेला असतो आणि उपचारांच्या काळात जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांची संख्या मोठी असते, हेही याच अभ्यासातून पुढे आले. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, हा त्याचा अर्थ. अलीकडे मुंबई, दिल्ली, चंदीगड, चेन्नई, कोलकाता येथील केंद्रांनी एकत्र येऊन याच आजारावर आणखी एक मोठी चाचणी हाती घेतली. स्टिरॉइडचे आठवडे कमी केले, एका औषधाऐवजी दुसरे दिले, तर मुलांना उपचारांचा त्रास कमी होतो का, हे तीत तपासले गेले. आपल्या मुलांच्या प्रकृतीला विचारलेले असे प्रश्न आपल्यालाच सोडवावे लागतात.

दुसरे उदाहरण उपचार अर्धवट सोडण्याचे आहे. २००९ च्या सुमारास टाटा स्मारक रुग्णालयात आलेल्या साधारण पाच मुलांमागे एक मूल उपचार नाकारून किंवा मध्येच सोडून घरी जात असे. रुग्णालयाने याची कारणे शोधली. मुंबईत राहायला जागा नाही, वडिलांची मजुरी बुडते, औषधाला पैसे नाहीत, मुलाला खायला काय द्यावे ते कळत नाही, अशी ती कारणे होती. निवास, आहार, औषधखर्च आणि समुपदेशन यांची व्यवस्था लावल्यावर काही वर्षांतच हे प्रमाण वीस मुलांमागे एकाच्या आसपास आले. यातील मोठा भार देणगीदारांनी व स्वयंसेवी संस्थांनी उचलला. हेही संशोधनच होय. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीइतकीच धर्मशाळेतील खोलीही मुलाचा जीव वाचवते, हे त्यातून आकड्यांनिशी सिद्ध झाले.

तिसरे उदाहरण सरकारी पैशाचे थेट फळ आहे. रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी काढून, त्यांच्यात बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडण्याच्या उपचाराला कार-टी पेशी उपचार म्हणतात. परदेशात त्याचा खर्च तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जातो. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी तो येथेच विकसित केला. प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या केंद्रात डॉ. गौरव नरुला यांच्या पथकाने प्रथमच रुग्णाला दिल्या. सुरुवातीच्या चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियामकाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचे लोकार्पण झाले. त्याचा खर्च परदेशातील खर्चाच्या सुमारे दशांश आहे. तरीही ही पहिली मान्यता पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी होती. नवे औषध आले तरी लहान मूल रांगेत मागेच उभे असते, ते असे.

आणखी एक साधे उदाहरण. रक्ताच्या कर्करोगात मुलांना मर्कॅप्टोप्युरिन नावाची गोळी वर्ष-दीड वर्ष रोज घ्यावी लागते. ही गोळी मोठ्या माणसाच्या मापाची. चार वर्षांच्या मुलासाठी घरचे लोक तिचे अर्धे-पाव तुकडे करीत, चुरून पाण्यात कालवीत. त्यामुळे मात्रा कधी कमी, कधी जास्त जाई. खारघरच्या संशोधन केंद्राने एका भारतीय औषध कंपनीच्या साहाय्याने अलीकडेच या औषधाचे पातळ रूप तयार केले आणि त्याला मान्यताही मिळाली. मोजून देता येईल असे औषध, एवढीच ही सुधारणा. परंतु जिच्या हातून रोजची मात्रा दिली जाते त्या आजीला तिचे मोल कळेल.

हदगावहून परळ किती दूर?

हदगाव हे नांदेड–नागपूर मार्गावरचे तालुक्याचे गाव. तेथून नांदेड साठ-सत्तर किलोमीटर, आणि नांदेडहून मुंबई रेल्वेने सुमारे सहाशे. तपोवन, देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेसने एका फेरीत दिवस किंवा रात्र जाते. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. या काळात कितीदा हा प्रवास करायचा, घरी राहिलेल्या दुसऱ्या लेकराला कोणी पाहायचे आणि सोयाबीन-कापसाच्या हंगामात शेतावर कोणी जायचे? या प्रश्नांची उत्तरे बहुधा आजी-आजोबांवरच येऊन थांबतात.

मराठवाड्यात काही सोयी उभ्या राहिल्या आहेत. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून कार्यरत आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसभराच्या उपचारांची कर्करोग केंद्रे काढण्याची घोषणा झाली. मोठ्या केंद्राने आराखडा ठरवावा आणि सोपे टप्पे जिल्ह्यातच पूर्ण व्हावेत, ही पद्धत मराठवाड्यात रुजू शकते का, ती मुलांसाठी सुरक्षित राहते का, कोणत्या टप्प्यावर मुलाला मुंबईला न्यावेच लागते, याचा अभ्यास येथेच करावा लागेल. परळच्या वातानुकूलित दालनात बसून त्याचे उत्तर सापडणार नाही.

ज्याची मोजदाद नाही, त्याला निधी नाही

देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी सुरू होण्याचा मान सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला मिळाला. १९८७ पासून तेथील कार्यकर्ते गावोगावी फिरून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद घेत आले आहेत. पुढे धाराशिव, बीड आणि छत्रपती संभाजीनगर येथेही अशी नोंदणी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात महाराष्ट्रातील या केंद्रांची माहिती आहे. त्या यादीत नांदेड, लातूर, हिंगोली व परभणी मात्र नाहीत.

याचा परिणाम काय होतो? हदगाव तालुक्यातील एखादे मूल पांढुरके पडत जाऊन, ताप येऊन निदानाआधीच दगावले, तर ते तापाने गेले अशीच समजूत राहते. कर्करोगाच्या खात्यात ते कधीच मोजले जात नाही. मोजले न गेलेले मूल अर्थसंकल्पातही दिसत नाही. म्हणून नोंदणी हा संशोधनाचा पाया समजावा.

मागणी काय असावी?

२०२५-२६ या वर्षासाठी केंद्र सरकारने आरोग्य मंत्रालयाला सुमारे ९९ हजार ८५० कोटी रुपये दिले. त्यातील आरोग्य संशोधन विभागाचा वाटा सुमारे ३ हजार ९०० कोटींचा, म्हणजे शंभर रुपयांत चार रुपयांच्या आसपास. मलेरियापासून मधुमेहापर्यंत सर्व आजारांचे संशोधन त्यातच बसवायचे असते. जैवतंत्रज्ञान व अणुऊर्जा विभागांचा निधी वेगळा. परंतु बालकर्करोग संशोधन असे स्वतंत्र शीर्ष कोठेही नाही. त्यामुळे मुलांसाठी नेमके किती खर्च झाले, हे सामान्य नागरिकाला विचारताही येत नाही.

अमेरिकेत २०१४ मध्ये झालेला एक कायदा येथे आठवतो. मेंदूच्या कर्करोगाने दहाव्या वर्षी मृत्यू पावलेल्या गॅब्रिएला मिलर या मुलीचे नाव त्याला दिले आहे. राजकीय पक्षांच्या अधिवेशनांना सरकारी तिजोरीतून मिळणारे पैसे बंद करून मुलांच्या आजारांवरील संशोधनासाठी दहा वर्षांत १२ कोटी ६० लाख डॉलरची तरतूद करण्याचे त्यात ठरले. त्या देशाच्या मानाने ही रक्कम मोठी नव्हती. पण पैसा कोठून काढायचा आणि कोणासाठी ठेवायचा, हे कायद्याने स्पष्ट झाले.

आपल्याकडे कोणी विचारेल, की जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे पुरत नाहीत, तेथे संशोधनाची भाषा कशाला? शंका रास्त आहे. परंतु लसीकरणामुळे व न्यूमोनिया-अतिसाराच्या उपचारांमुळे बालमृत्यू जसजसे घटत जातात, तसतसा उरलेल्या मृत्यूंत कर्करोगाचा वाटा वाढत जातो. शिवाय पाच वर्षांचे मूल बरे झाले तर त्याच्यापुढे साठ वर्षांचे आयुष्य असते. आणि वर सांगितलेली उदाहरणे पाहिली तर संशोधनाने उपचार स्वस्त व सोपे झाल्याचेच दिसते.

तेव्हा मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. आरोग्य संशोधनाच्या निधीत बालकर्करोगासाठी ठरावीक वाटा असावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. नांदेड, लातूर, हिंगोली, परभणी या जिल्ह्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू व्हावी. जिल्हा केंद्रांत मुलांच्या उपचारांचे टप्पे देण्याचा अभ्यास निधीसह हाती घ्यावा. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात. त्याच्या मूळ तीस आजारांच्या यादीत कर्करोग नव्हता. या पथकांना त्याची लक्षणे शिकवल्यास निदान किती लवकर होते, हेही अभ्यासण्याजोगे आहे. आणि बऱ्या झालेल्या मुलांची पुढील अनेक वर्षे तपासणी व्हावी. टाटा स्मारक रुग्णालयात अशा मुलांसाठी १९९१ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे. मराठवाड्यातील मुलांना ती सोय जवळ मिळायला हवी.

घरातील ज्येष्ठांसाठी

निधी वाढेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुष्कळदा पहिले लक्षण आजीच्याच हाताला लागते. पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात.

• दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा व कारण न सापडणारा ताप, वाढता पांढुरकेपणा, अंगावर मार न लागता उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त येणे.
• रात्री झोपेतून उठवणारी हाडांची दुखणी, लंगडणे.
• मानेत, काखेत वा जांघेत न दुखणारी व वाढत जाणारी गाठ.
• आंघोळ घालताना पोटात जाणवणारी कडक गाठ. अशा वेळी पोट चोळू नये, तेल लावून मालिश करू नये, गाठ पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये.
• डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक किंवा नव्याने आलेला तिरळेपणा.
• सकाळी उठताच डोकेदुखी व उलटी, चालताना तोल जाणे.

यातील बहुतेक खुणा साध्या आजारांतही दिसतात, म्हणून घाबरून जाऊ नये. पण त्या टिकून राहिल्या तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवून रक्ताची संपूर्ण तपासणी करून घ्यावी. तपासणीआधीच सांधेदुखी समजून स्टिरॉइडची इंजेक्शने देऊ देऊ नयेत. त्यामुळे रक्ताचा कर्करोग काही काळ झाकला जातो आणि निदान चुकते.

उपचार सुरू झाल्यावर प्रत्येक कागद एकाच फाईलमध्ये तारखेनुसार लावावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत यांची पात्रता रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावी. रेल्वेत व एसटीत कर्करोगाच्या रुग्णांना प्रवास सवलत मिळते, तिचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा. डॉक्टरांनी एखाद्या संशोधनात सहभागाबद्दल विचारले तर मुलावर प्रयोग होणार, अशी भीती धरू नये. काय तपासणार, धोका कोणता, मध्येच बाहेर पडता येईल का, हे प्रश्न विचारावेत आणि मराठीतील संमतिपत्र वाचून घ्यावे. नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळण्याचा हक्क कायम राहतो. आज बरी होणारी मुले ही पूर्वी ज्यांच्या आईवडिलांनी अशी संमती दिली, त्या मुलांची ऋणी आहेत.

राहिला प्रश्न निधीचा. हदगाव विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभा मतदारसंघात मोडतो. नोंदणी केंद्र केव्हा सुरू होणार, मुलांच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी यंदा किती रुपये ठेवले, हे दोन प्रश्न खासदारांना पत्राने विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही. तालुक्यातील ज्येष्ठ नागरिकांच्या संघाने पोस्टकार्डावर ते लिहून पाठवले, तरी त्यांची नोंद घ्यावी लागते. संसदेत प्रश्न विचारला गेला की उत्तर आकड्यांत द्यावे लागते, आणि एकदा आकडा समोर आला की तो वाढवण्याची मागणी करता येते.